मशीनचं चाक कुठल्या हाताला?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी भांडुपला राहते. मुंबईतल्या एका कला महाविद्यालयात पेंटिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात चित्रं काढणारी मी पहिलीच. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर आहेत, आई घरी साड्यांना फॉल-बिडिंग करून देते. मला पुस्तकांसाठी, मासिकांसाठी चित्रं काढायची आहेत, तीही स्वतंत्रपणे. पण सुरुवात कुठून करू ते कळत नाही. जलरंग आवडतात, डिजिटल आवडतं, कॉमिक्सही आवडतात. एक सर म्हणतात, आधी स्वतःची शैली ठरव. दुसरे म्हणतात, इलस्ट्रेशन ही काही कला नव्हे, चार वर्षं पेंटिंग शिकून शेवटी लेबलं रंगवणार का? मैत्रिणी म्हणतात, आयपॅड घेतल्याशिवाय हल्ली काम मिळत नाही. बाबा म्हणतात नोकरी बघ, आता कॉम्प्युटरच चित्रं काढतो म्हणे. गेल्या महिन्यात एका प्रकाशकांनी बालकथांच्या पुस्तकासाठी बारा चित्रं आणि मुखपृष्ठ करशील का, असं विचारलं. मानधन नाही, पण नाव ठळक छापू म्हणाले. हो म्हणू का? सोबत माझी चौदा चित्रं पाठवते आहे. खरं ते सांगा.
— एक विद्यार्थिनी, भांडुप

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. चित्रं मात्र आठ दिवस जेवणाच्या टेबलावर पसरून ठेवली होती, त्यामुळे आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी एकदा हात पुसत पुसत सगळी चित्रं बघितली. पंखवाला घोडा, निळ्या केसांची मुलगी, तलवारवाला, पुन्हा निळ्या केसांची मुलगी, या सगळ्यांवरून त्यांची नजर सरळ पुढे गेली आणि नवव्या चित्रापाशी थांबली. "ही फॉल लावतेय," म्हणाल्या. मग खाली वाकून, "दोरा दातात धरलाय बघा."

तू "खरं ते सांगा" लिहिलंस म्हणून सांगते. चौदातली अकरा चित्रं तुझी नाहीत. हात तुझा आहे आणि तो चांगला तयार झालाय. पण ती चित्रं तू मोबाइलवर पाहिलेल्या चित्रांची चित्रं आहेत. नवव्या चित्रातली बाई मात्र तू स्वतः पाहिली आहेस. दोरा दातात धरून ती सुई उजेडाकडे नेते आहे, एक डोळा बारीक झालाय, मांडीवरची साडी घसरू नये म्हणून डावा गुडघा थोडा वर आहे. हा गुडघा कुठल्याही ट्युटोरियलमध्ये सापडणार नाही. तीन नंबर (पुलावरचा भाजीवाला) आणि बारा नंबर (झोपलेले कंडक्टर, बहुतेक तुझे बाबा) हीसुद्धा त्याच जातीची.

तू विचारतेस शैली कशी ठरवू. ठरवूच नकोस. शैली ही लग्नाच्या साडीसारखी दुकानात जाऊन निवडायची गोष्ट नव्हे. तीच तीच माणसं शंभर वेळा काढताना तुला ज्या गोष्टी काढायचा कंटाळा येतो आणि ज्या काढल्याशिवाय राहवत नाही, त्यातून ती आपोआप उरते. तुझ्यापुढचा खरा प्रश्न वेगळा आहे : तुला कोणाचा मजकूर वाचायला आवडतो? आमच्या, पुस्तकांची चित्रं काढणाऱ्यांच्या, धंद्यात निम्मं काम वाचण्याचं असतं. कथेत "आजी रागावली" असं लिहिलं असेल आणि तू रागावलेली आजी काढलीस, तर संपादकाला तुझी गरजच काय? ते तर त्याने वाचलंय. आजीने रागावून ताटातली चटणी बाजूला सारली, हे लेखकाने लिहिलेलं नाही, ते तू काढायचं. पत्रात तू रंगांबद्दल, सॉफ्टवेअरबद्दल, सरांबद्दल लिहिलंस, पण अलीकडे काय वाचलंस त्याबद्दल एक ओळ नाही. मला ते सगळ्यात जास्त खटकलं.

म्हणून पुढच्या तीन महिन्यांचा अभ्यास देते. आवडेल ती एक छोटी गोष्ट घे, आईने सांगितलेली असली तरी चालेल. एफोरचे चार कागद एकात एक घालून मधोमध दुमड, सोळा पानांची वही होईल. घडीवर आईकडून दोन टाके मारून घे. या वहीत पेन्सिलीने अख्खं पुस्तक मांड. पहिलं पान नावाचं, शेवटचं मागचं, मधे सात जोडपानं (उघडल्यावर समोरासमोर येणारी दोन-दोन पानं) मिळतात. आता बघ काय काय अडतं ते. पान तीनवर दिसणारी मुलगी पान अकरावर तीच वाटते का? पाठमोरी असली तरी ओळखू येते का? रडताना, गर्दीत, रात्री दिवे गेल्यावर? मजकुरासाठी मोकळी जागा ठेवलीस का, की सगळं आभाळ ढगांनी भरून टाकलंस? कुणाचा चेहरा बरोब्बर घडीत गेला का? पान उलटण्याआधी वाचणाऱ्याला "मग?" असं वाटतं का? मुलांच्या पुस्तकांचे संपादक एकेकटं सुंदर चित्र बघून काम देत नाहीत. त्यांना हे बघायचं असतं. पंखवाल्या घोड्यांची पंचवीस चित्रं एका बाजूला आणि टाका मारलेली ही एक वही दुसऱ्या बाजूला ठेवली, तर मी वहीवालीला काम देईन.

वही करण्याआधी पुस्तकं हाताळ. ज्योत्स्ना प्रकाशन, भोपाळचं एकलव्य, चेन्नईचं तूलिका, नॅशनल बुक ट्रस्ट, यांची चित्रमय पुस्तकं बघ. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर तर कितीतरी पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात, मराठीतसुद्धा. बालभारतीची जुनी पाठ्यपुस्तकं रद्दीवाल्याकडे मिळतील. पातळ कागदावर रेघ कशी टिकवायची ते त्यात दिसतं. आणि एकदा कुलाब्याला जाऊन मोंडेगार कॅफेच्या भिंतीवरची व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची गर्दी बघून ये. पाच मिनिटं नुसती नाकं बघ. मारिओ कुठल्याही कला महाविद्यालयात शिकले नव्हते, हे तुझ्या दुसऱ्या सरांना सांगू नकोस, उगाच वाद होईल.

त्या सरांबद्दल एवढंच. चित्रकार दीनानाथ दलाल जे.जे. कला महाविद्यालयात शिकले आणि पुढे आयुष्यभर मुखपृष्ठं आणि कथाचित्रं करत राहिले, १९४५ साली तर त्यांनी स्वतःचा 'दीपावली' अंकच काढला. ज्या घरात दुसरं एकही चित्र नव्हतं त्या घरात दलालांचं चित्र पोचलं होतं. सरांकडून अॅनाटॉमी, म्हणजे शरीराची ठेवण, मात्र शिकून घे, तुझे पंजे कच्चे आहेत.

आता बाबा. तुला वाटत असेल मी त्यांच्याविरुद्ध बोलेन. मी त्यांच्या बाजूची आहे. वसंत सरवटे सिमेंट कंपनीत सिव्हिल इंजिनिअर होते. नोकरी सांभाळून त्यांनी जी व्यंगचित्रं आणि पुस्तकांची चित्रं केली ती मराठी वाचक विसरलेला नाही. मी स्वतः १९८७ साली फोर्टातल्या एका छोट्या जाहिरात स्टुडिओत लागले. तिथे दोन वर्षं चित्र म्हणून काढलंच नाही. टाइपसेटिंगचे ब्रोमाइड (फोटोच्या कागदावर उमटवलेला मजकूर) कापायचे, रबर सोल्युशन लावून बोर्डावर सरळ चिकटवायचे, वर ट्रेसिंग पेपर घालून छापखान्यासाठी सूचना लिहायच्या. रोज वाटायचं, आपण वाया चाललोय. पण वर्तमानपत्राच्या कागदावर काळा रंग किती पसरतो, छपाईच्या ठिपक्यांची बारीक जाळी कुठे बुजते, छापखान्यातला माणूस कशाला शिव्या घालतो, हे तिथे कळलं. आज त्याची नावं बदलली आहेत. फाइल ३०० डीपीआयची (इंचाला तीनशे ठिपके) हवी, रंग सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांत) हवेत, चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेलं चित्र) हवं, मुखपृष्ठ करताना पुस्तकाच्या कण्याची (पाठीच्या पट्टीची) जाडी पानांच्या संख्येवरून छापखान्याला विचारून घ्यायची. स्क्रीनवर झगमगणारा तो निळा, जो तुझ्या चित्रातल्या मुलीच्या केसांवर आहे, तो छापून येत नाही. मळकट जांभळा होतो. हे सगळं दुसऱ्याच्या पगारावर शिकायला मिळत असेल तर नोकरी कर. दोन वर्षं. फक्त रविवार कोणाला देऊ नकोस, आणि नोकरीवर घेताना ज्या कागदावर सही करशील तो वाच. नोकरीत केलेल्या कामाचा हक्क, वेगळं काही ठरलं नसेल तर, मालकाचा असतो.

आयपॅड नको. निदान आत्ता नको. काही हजारांत पेन टॅब्लेट (पेनाने चित्र काढायची पाटी) येतो, घरात किंवा कॉलेजात कॉम्प्युटर असेल तर त्याला जोड. क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि सीएमवायकेमध्ये काम करू देतं. तुझी जलरंगातली चित्रं चांगली स्कॅन करायला शिक, मोबाइलने फोटो काढून पाठवू नकोस. सात नंबरच्या चित्रावर तुझ्याच हाताची सावली पडलेली आहे.

कॉम्प्युटर चित्रं काढतो, हे बाबांचं म्हणणंही खोटं नाही. स्वस्तातलं, कुठेही चालेल असं काम कमी झालंय, माझंसुद्धा झालंय. गेल्या वर्षी एकांनी मला असं यंत्राकडून काढून घेतलेलं चित्र पाठवलं. नऊवारीतली बाई, पाठमोरी, आणि कासोटाच नाही. "एवढं जरा नीट करून द्या, दहा मिनिटांचं काम आहे," म्हणाले. मी चित्र नव्याने करण्याचा दर सांगितला. पुन्हा फोन आला नाही. हे विजयाची गोष्ट म्हणून सांगत नाही, ते काम गेलंच. पण ज्यांना कासोटा हवा असतो ते पैसे देतात, आणि त्यांनी तुला शोधावं असं तुझ्याकडे नववं चित्र आहे.

आता त्या बारा चित्रांकडे येऊ. फुकट करू नकोस.

फुकट काम मी अजूनही करते, पण ते मी निवडलेलं असतं. आमच्या गल्लीतल्या वाचनालयाचं पोस्टर, भाचीच्या शाळेचा हस्तलिखित अंक. जे पुस्तक विकायला जाणार आहे, ज्यात कागदवाल्याला, छापखान्याला, बाइंडरला पैसे मिळणार आहेत, त्यात चित्रकार एकटीच समाजसेवा का करेल? आणि नाव ठळक छापणं हे काही उपकार नव्हेत. आपल्या कामावर आपलं नाव सांगण्याचा हक्क कायद्यानेच आहे, बाकीचे हक्क विकून टाकले तरी तो राहतो.

किती मागायचे, याचा हिशेब शेजारणीला विचारून होत नाही. घरात बसून कर. समज, तुला महिन्याला पंचवीस हजार लागतात, त्यात घरी द्यायचे, रेल्वेचा पास, कागद-रंग, इंटरनेट, कॉम्प्युटर बिघडला तर म्हणून बाजूला टाकायचे, सगळं आलं. महिन्याचे तीसही दिवस चित्रं काढून होत नाहीत. मेल लिहिणं, दुरुस्त्या, बिलांच्या मागे धावणं, तापाने पडणं, हे वजा जाता सुरुवातीला बारा दिवस हाती लागले तरी खूप. म्हणजे दिवसाचे सुमारे २१०० रुपये. एका पूर्ण पानाच्या चित्राला रफपासून (कच्च्या चित्रापासून) फायनलपर्यंत दीड दिवस लागत असेल तर ३१५० रुपये. बारा चित्रांचे ३७,८०० आणि मुखपृष्ठ वेगळं. हा आकडा ऐकून प्रकाशक हसतील कदाचित. तेव्हा दर खाली आणू नकोस, काम खाली आण. पाच चित्रं पूर्ण पानाची आणि सात छोटी रेखाचित्रं, एकाच रंगात. पुस्तकही बरं दिसेल. तेही जमत नसेल तर गोड शब्दांत नाही म्हण. तुझी आई एका साडीचा फॉल फुकट लावून देते का, "तुमचं नाव सांगू सगळ्यांना" म्हटल्यावर? तिलाच विचार, माझ्यापेक्षा चांगलं उत्तर देईल.

आणि ठरलेलं लिहून घे. हे मी कुठे शिकले ते सांगते. १९९४ची गोष्ट. एका कॅलेंडरवाल्यांसाठी गणपतीची आठ चित्रं केली होती, पोस्टर कलरमध्ये. पैसे घ्यायला गेले, त्यांनी व्हाउचर पुढे केलं, रेव्हेन्यू स्टँपवर सही करायची. पाच सत्तावीसची गाडी पकडायची होती. वर बारीक अक्षरांत "सर्व हक्कांसह" असं टाइप केलेलं होतं, ते मी घरी आल्यावर, कार्बन कॉपी नीट बघितली तेव्हा वाचलं. दोन वर्षांनी गणपतीत गिरगावातल्या एका दुकानात मोदकांच्या खोक्यावर माझाच गणपती बसलेला. तेही उलटा छापून. डाव्या सोंडेचा काढला होता, उजव्या सोंडेचा झाला होता. हातातला मोदक खाली गेला, माझाच. पैसे तर मागायचे नव्हतेच, सही माझी होती. पण त्या सोवळ्यातल्या गणपतीकडे बघून रडू आलं, आणि मग खोकं विकत घेतलं. मोदक बरे होते.

आपल्याकडचा १९५७चा कॉपीराइट कायदा तुझ्या बाजूचा आहे, पण तुला तो ठाऊक असला तर. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात, कुठे वापरायचं ते लिहिलं नसेल तर भारतापुरतं. मात्र कोणी पैसे देऊन मुद्दाम करून घेतलेलं पेंटिंग किंवा पोर्ट्रेट असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. म्हणून "वेगळं काही" आधीच ठरवायचं. त्यासाठी वकील लागत नाही. मी काम घेताना अशी मेल लिहिते :

"नमस्कार. आज फोनवर ठरल्याप्रमाणे : पाच पूर्ण पानाची रंगीत चित्रं व सात रेखाचित्रं. वापर या पुस्तकाच्या मराठी छापील आवृत्तीपुरता, पाच वर्षांसाठी. इतर भाषा, ई-बुक, कॅलेंडर, वस्तू यांसाठी वेगळं बोलू. चित्रांचा कॉपीराइट माझ्याकडे राहील. रफ मान्य झाल्यावर दोनदा दुरुस्त्या मानधनात धरल्या आहेत, पुढच्या वेगळ्या. तीस टक्के रक्कम काम सुरू करताना. काम मधेच थांबलं तर झालेल्या रफचे पैसे द्यावेत. हे मान्य असल्यास कृपया सही करून पाठवावं, म्हणजे रफ सुरू करते."

सही येईपर्यंत पेन्सिलीला हात लावायचा नाही. सुरुवातीला हे लिहिताना हात कापतो. माझा अजून "कृपया"पाशी अडखळतो.

पैशांचं उरलेलं झटपट. दिवाळी अंकांची कामं पावसाच्या तोंडावर यायला लागतात आणि मानधन दिवाळी उलटून गेल्यावर येतं, कधी संक्रांतीला तिळगुळाबरोबर. त्या भरवशावर महिन्याचा खर्च बेतू नकोस. मोठ्या कंपन्या बिलातून दहा टक्के टीडीएस (आधीच कापलेला आयकर) कापतात. ते पैसे गेले असं समजू नकोस, रिटर्न भर म्हणजे हिशेबात येतात. काम नियमित व्हायला लागलं की उद्यम नोंदणी (सरकारची लघुउद्योगांची नोंदणी) कर. ती ऑनलाइन आणि फुकट आहे, एकट्या माणसालाही करता येते. अशी नोंदणी असलेल्याचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांच्या वर अडकवून ठेवता येत नाहीत, असं कायदा सांगतो. कायदा सांगतो म्हणून पैसे येतात असं नाही, पण आठवणीच्या मेलमध्ये ते वाक्य घातलं की उत्तर लवकर येतं, हा माझा अनुभव.

काम मागायला कसं जायचं, हे तू विचारलं नाहीस, तरी लिहिते. एका संपादकाला एकच मेल, "आदरणीय सर/मॅडम" असा घाऊक नमस्कार नको. त्यांचं कुठलं पुस्तक वाचलंस, त्यातलं काय आवडलं, हे दोन ओळींत. सोबत एक हलकी पीडीएफ, दहा चित्रं, सगळी एका माणसाने काढल्यासारखी वाटणारी, आणि वहीची चार जोडपानं. दोन आठवड्यांनी एकदा आठवण कर. मग गप्प बस आणि पुढची वही शिव. मला पहिलं पुस्तक मिळालं ते अशा तिसऱ्या वहीवर. पहिल्या दोन कोणाकडे राहिल्या देव जाणे, परत आल्या नाहीत. तू मूळ वही देऊ नकोस, झेरॉक्स दे.

आता नवव्या चित्राबद्दल एक तक्रार. त्यात मशीनचं चाक आईच्या डाव्या हाताला आलंय. शिवणाच्या मशीनचं चाक बसणाऱ्याच्या उजव्या हाताला असतं, सुई डावीकडे. मावशींच्या ते लक्षात आलं नाही, पण माझ्या आईनेही आयुष्यभर मशीन चालवलं, मला लगेच दिसलं. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोवरून केलंस ना? बऱ्याच फोनांत तो सगळं आरशासारखं उलटं करतो. म्हणजे आई दोरा ओढतेय तो हातही बहुधा उलटाच आहे. येत्या रविवारी फोन बाजूला ठेव, तिच्यासमोर स्टुलावर बस आणि पुन्हा काढ. साडी कुणाची आहे तेही विचारून घे. ते झालं की मला पाठव. पत्ता तोच.